रंभेनं घेतलेलं नाव

रंभा भित्री होती. थोडीथोडकी नव्हे, चांगली नावाजलेली. चाकणजवळच्या तिच्या माहेरी पाल चुकचुकली तरी ती हातातलं काम टाकून बसायची, आणि विहिरीवर ती पाणी शेंदायला लागली की शेजारणीनं तिच्या पदराचं टोक धरून उभं राहायचं, अशी रीतच पडून गेली होती. लोक हसायचे, तीही हसायची. पण एका भीतीबद्दल ती कधी कुणाजवळ बोलली नाही. नवऱ्याचं नाव आपल्या तोंडून गेलं तर तो मरेल, असं तिला वाटायचं.

आता त्या काळात नवऱ्याचं नाव कुठली बाई घेत होती? पण बहुतेकींच्या लेखी ती नुसती रीत होती, थोडी लाजेची, थोडी मिरवण्याची. कुणी नाव विचारलंच तर शेजारणीला पुढं करायचं आणि पदराआड हसून घ्यायचं. रंभेचं तसं नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना त्यांच्या आळीतल्या गोजाबाईनं भांडणाच्या तिरमिरीत नवऱ्याला नावानिशी शिवी हासडली, आणि चौथ्या दिवशी तो गेला. नाव घेतलं म्हणून आयुष्य तुटलं, असं आळीतल्या बाया एकमेकींना सांगत सुटल्या. तो माणूस दोन महिने रक्त थुंकत होता, हे मात्र एकीलाही सांगावंसं वाटलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला असलं कोण सांगत बसतं? ती गोजाबाईच्या मोकळ्या कपाळाकडं बघत राहिली, आणि मनात जे बसायचं ते बसलं.

एक्कावन्न साली तिचं लग्न झालं. दिघीच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी पंधरा-वीस घरांची वाडी होती, तिथला सयाजी. एकुलता एक, बाप लहानपणीच वारलेला, आई छबूबाई. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी समजावलं की उखाण्यातल्या नावाला दोष नसतो. रंभेनं उखाणा म्हटला, अगदी खणखणीत म्हटला, आणि नावाच्या जागेवर नुसते ओठ हलवले. बायांनी एवढा गलका केला की कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेजारी बसलेल्या सयाजीच्या मात्र बरोबर आलं.

"नाव घेतलंच न्हाईस तू," पाटावरून उठता उठता तो तिच्या कानाशी म्हणाला. "माझं उधार राहिलं."

सयाजी गवताचं काम करायचा. वाडीमागचा डोंगर लष्कराच्या हद्दीत होता. पायथ्याला चुन्यानं रंगवलेले धोंडे ओळीनं मांडले होते, त्यांच्या अलीकडं वाडी आणि पलीकडं हद्द. तिथं तोफांचा सराव चाले, त्याला वाडीतले लोक नुसतं 'बार' म्हणत. बार नसतील तेव्हा गवत कापायला परवानगी होती. बार असले की डोंगराच्या माथ्यावर लाल निशाण चढायचं, हद्दीचा राखणदार अर्जुनराव तीनदा शिट्टी फुंकायचा, आणि अर्ध्या तासाच्या आत सगळ्यांनी धोंड्यांच्या अलीकडं यायचं. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. बायका धोंड्यांपाशी बसून पेंढ्या बांधत बोलायच्या, पलीकडं धडाधड बार होत राहायचे, आणि कुणाचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं नाही.

रंभेचं तुटायचं. पहिल्या वर्षी तर बार झाला की ती दोन्ही कानांवर हात ठेवून खाली बसायची. ज्वारीवर उतरलेल्या भोरड्या आवाजाच्या आधीच उठायच्या, कशा कोण जाणे. सगळं आभाळ क्षणभर काळं करून पलीकडं निघून जायच्या. पुढं पुढं ती त्या पाखरांवरच नजर ठेवून बसायला लागली. पाखरं उठली की ती कान झाकायची, आणि मागोमाग आवाज यायचा.

असल्या भित्र्या बाईला डोंगराची माया लावली ती सयाजीनं. निशाण नसलेल्या दिवशी ती भाकरी घेऊन वर जायची. आश्विनात तिथं कमरेएवढं गवत असे. वारा आला की सगळा उतार एका बाजूला झुकायचा आणि मग सावकाश सरळ व्हायचा. मधूनमधून सोनकीची पिवळी फुलं, कडेला कुरडूचे गुलाबी तुरे, खाली इंद्रायणीचं एक चमकतं वळण. सयाजी गवत कापता कापता मध्येच थांबायचा, आणि हातभर जागा तशीच सोडून पुढं जायचा. तिथं लावरीचं घरटं असायचं. उतारावर अशी बेटं राहिलेली दिसली की लोक म्हणायचे, इथनं सयाजी गेलाय. त्याच्या या चाळ्यापायी रोजची पेंढी-दोन पेंढी गवत कमीच भरायचं, पण त्याचं त्याला काही नव्हतं.

त्यानं तिला गवतं ओळखायला शिकवलं. "हे काय?" तो पातं पुढं करायचा.

"पवन्या."

"हे?"

"मारवेल."

"आन् हे, लुगड्याला चिकटतंय ते?"

"कुसळी."

"समद्यांची नावं घेतीस," तो म्हणायचा, "माझंच तेवढं न्हाई. मी काय कुसळीपरीस वाईट हाय व्हय?"

ती हसायची आणि तोंड फिरवून भाकरीचं फडकं झटकायची. तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं. ते तिनं बोलून कधी दाखवलं नाही, कारण बोलायचं म्हणजे शेवटी नावापाशी येऊन थांबायचं. तीन वर्षं तो मागं लागला होता. एकदा म्हण. हळू म्हण. वाऱ्यात म्हण, मला ऐकू आलं न्हाई तरी चालंल. ती मान हलवून नाही म्हणायची, आणि तो चिडायचा नाही. त्याला ती लाज वाटायची. ती लाज नव्हती, ती त्याच्या जिवाची राखण होती, हे त्याला सांगणार कोण?

चोपन्न सालच्या कार्तिकात तिला चौथा महिना होता. तिकडं पिंपरीला कारखान्याचं काम निघालं होतं, वाडीतले चार जण पाया खणायला जात होते. सयाजीनंही जावं, या हद्दीतून एकदाचं सुटावं, असं तिला वाटायचं. तो म्हणायचा, छपराखाली माझा जीव घुसमटतो. विषय तिथंच राहायचा.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास निशाण चढलं. अर्जुनरावानं तीनदा शिट्टी फुंकली. उतारावरची माणसं विळे कमरेला खोचून खाली आली, कुणी घाई केली नाही. धोंड्यांपाशी अर्जुनरावानं माणसं मोजली आणि परत मोजली.

"कोन राह्यलं?"

रंभा आधीच उभी राहिली होती. सयाजी डोंगराच्या मागच्या घळीत गेला होता. आदल्या दिवशी बांधून ठेवलेला भारा तिथं राहिला होता, तो आणायला. घळीतून निशाण दिसत नाही, आणि वारा खालून वर नव्हता, वरून खाली होता. अर्जुनरावानं पुन्हा शिट्टी फुंकली, गालाच्या शिरा फुगेपर्यंत फुंकली. मग तो तोफांच्या तळाकडं धावत सुटला. तळ मैलभर लांब होता, आणि अर्जुनरावाचं वय साठीकडं झुकलेलं. अर्ध्या तासातलं आता फारसं काही शिल्लक नव्हतं.

तेवढ्यात डोंगराच्या खांद्यावर भारा दिसला. माणूस दिसतच नव्हता. गवताचा मोठा भारा डोक्यावर, पाती चारी बाजूंनी खांद्यापर्यंत लोंबलेली, कान झाकलेले, डोळ्यांपुढं पायाखालच्या वाटेएवढीच जागा. ज्यानं असला भारा वाहिलाय त्याला माहीत आहे, आतमध्ये नुसती सळसळ ऐकू येते, बाकी जगाचा आवाज बंद. निशाण त्याच्या पाठीशी होतं. तो सावकाश, रोजच्या चालीनं उतार आडवा कापत होता. पुढं वीसेक पावलांवर खडकाची मोठी कड होती, तिच्या आडून वाट खाली यायची.

सगळे ओरडले. पुरुष ओरडले, बाया ओरडल्या. वाऱ्यानं सगळं मागं परतवलं. भारा चालतच होता.

"अवं!" रंभा ओरडली. "अवं, ऐकलं का! अवं!"

बाजूला कुसुमताई उभी होती, शेजारच्या घरातली. ती किंचाळून म्हणाली, "अगं, अवं काय करतीस! नाव घे त्याचं! नाव घे!"

  नाव घेतलं तर जाईल, नाही घेतलं तर जाईल. रंभेनं एकदा ज्वारीकडं बघितलं. भोरड्या अजून बसल्या होत्या. त्याच क्षणी वारा पडला, गवत जागच्या जागी उभं राहिलं, आणि रंभेच्या तोंडून ते निघालं.

"सयाजी!"

स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. डोंगरानं तो परत दिला. "सयाजी!" तिनं पुन्हा हाक मारली.

भारा थांबला. एका हातानं त्यानं तोंडापुढची पाती बाजूला सारली आणि खाली बघितलं. एवढ्या लांबूनही तिला कळलं की तो हसतोय. त्यानं दुसरा हात कानामागं धरला. परत म्हण, अशी खूण केली. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते आज भर उतारावर, सगळ्या वाडीदेखत मिळालं, त्याला दुसरं काही सुचलंच नसेल. तो तिथंच उभा राहिला, उघड्यावर, तिच्याकडं तोंड करून.

ज्वारीवरनं पाखरं उठली.

खडकाची कड त्याच्यापासून वीस पावलांवर होती. हाक ऐकलीच नसती तर तो चालत राहिला असता आणि तोवर तिच्या आड गेला असता. हा हिशेब दुसऱ्या कुणी मांडला नाही. रंभेनं मांडला, आणि पुढं रोज मांडत राहिली.

माणसं वर धावली, तिला कुणी जाऊ दिलं नाही. त्याला खाली आणलं तेव्हा अंगावर घोंगडी टाकली होती, आणि पायांना कुसळं चिकटलेली होती. तळावर निरोप पोचला होता, पुढचे बार थांबले होते. अर्जुनराव धोंड्यावर बसून लहान पोरासारखा रडला. तो वेळेत पोचू शकला नसता, हे सगळ्यांना कळत होतं.

कुसुमताईनं त्या गर्दीत रंभेचा हात घट्ट धरला आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाली, "मी कायबी ऐकलं न्हाई. दुसऱ्या कुनालाबी ऐकू आलं न्हाई. तू भिऊ नको."

बिचारीनं मायेनंच म्हटलं. पण रंभेला त्यातून कळलं ते एवढंच, की लपवण्यासारखं काहीतरी घडलंय.

इथून पुढं त्या घरात रंभेचे जे महिने गेले ते तिच्या वैऱ्याचेही जाऊ नयेत. छबूबाईला माहीत नव्हतं. ती त्या दिवशी दिघीला दळायला गेली होती. आल्यावर तिला एवढंच सांगितलं गेलं की सयाजी भारा घेऊन येत होता आणि वेळ झाली होती. म्हातारी रडली, मग उठली आणि कामाला लागली. सून पोटुशी आहे म्हणून तिला ताटात आधी वाढायची. रंभेला तो घास गिळवायचा नाही. आपण हिच्या एकुलत्या एका लेकाला हाक मारून उभं केलं, हे हिला कळलं तर ही काय करील? हाकलून देईल? शाप देईल, आणि तो पोटातल्या जिवाला लागेल? कुसुमताई ताक मागायला दारात आली तरी रंभा हातातलं भांडं ठेवून बाजूला व्हायची. आत दोघी काय बोलतात म्हणून ती भिंतीला कान लावून उभी राहायची. दोघी आपल्या मिठाबद्दल बोलत असायच्या.

डोंगराकडं ती बघेना. त्या वर्षी उरलेलं गवत कुणी कापलं नाही, ते उभ्या उभ्या वाळलं. वारा सुटला की त्याची कोरडी सळसळ घरात ऐकू यायची. रंभा दार लावून घ्यायची. एकदा छबूबाईनं विचारलं, "एवढं उकडतंय आन् दार कशापायी लावतीस?" तेव्हा ती म्हणाली, कुसळं येत्यात. वाऱ्यानं अंगणात खरंच चार कुसळं येऊन पडली होती, म्हणून ते निभावलं.

चैत्रात मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. घरात दुःख, म्हणून मोजक्याच बाया बोलावल्या. घुगऱ्या शिजल्या, पाळणा टांगला. नाव काय ठेवायचं याची चर्चासुद्धा झाली नाही. बाप गेल्यावर जन्मलेलं पोर, बापाचंच नाव लागणार. माणूस परत आला, असंच सगळ्या म्हणत होत्या. सयाजीला बहीण नव्हती, म्हणून कानात नाव सांगायचा आत्याचा मान कुसुमताईला दिला होता.

कुसुमताई पाळण्यावर वाकली. रंभेनं तिचा हात धरला आणि एवढ्या जोरात मागं ओढला की तिच्या बांगड्या फुटल्या.

"नको," रंभा म्हणाली. "ते नाव नको. दुसरं कायबी ठेवा. त्याला मारू नका."

 काचा पाळण्यात तर पडल्या नाहीत ना, म्हणून एकीनं दुपटं झटकलं. छबूबाई चुलीपाशी होती. ती हात पुसत आली, रंभेला दंडाला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.

"बोल," ती म्हणाली.

रंभा भिंतीला टेकून खाली बसली. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. तिनं सगळं सांगितलं. भारा, वारा, कुसुमताईचं ओरडणं, पडलेला वारा. "आत्याबाई, मी नाव घेतलं. त्यापायी ते थांबलं. मी मारलं त्यास्नी."

 बाहेर बायांची कुजबुज चालू होती. रंभा सासूच्या पायांकडं बघत होती. ते पाय आता काय करतील याचीच ती वाट बघत होती.

"किती बाऱ्या घेतलंस?" छबूबाईनं विचारलं.

"दोनदा."

"त्याला ऐकू आलं?"

"व्हय."

"मग काय केलं त्यानं?"

"हसलं. कानामागं हात धरला. परत म्हण म्हनाले."

छबूबाई तिच्या शेजारी खाली बसली. गुडघे धरून, सावकाश. तिनं पदर तोंडाशी नेला, पण रडली नाही.

"त्याचा बा पटकीनं गेला," ती म्हणाली. "दोन दिवस शुद्ध नव्हती. समदी मानसं म्हनली, छबे, हाक मार, नावानं हाक मार, बायकूच्या हाकंनं वळंल. मी न्हाई मारली. दात दाबून बसले. म्हटलं, नाव घेतलं आन् जीव गेला तर? मी काई तोंड उघडलं न्हाई. तरीबी गेले. जाताना डोळं उघडं व्हते, पोरी. माझ्याकडंच बघत व्हते. मी हाक मारंन म्हनून बघत व्हते का काय, द्येवाला ठाऊक. एकुनीस वर्सं झाली, रोज हेच मनात येतं. तू मारलीस तर गेला, मी न्हाई मारली तर गेले. आता सांग, कुनी कुनाला मारलं?"

 म्हातारी रंभेकडं न बघता पुढं म्हणाली, "माझ्या लेकानं बायकूच्या तोंडनं आपलं नाव तरी ऐकलं. हसत व्हता म्हनतीस ना? खरं सांग."

"खरंच हसत व्हते, आत्याबाई."

तेव्हा कुठं छबूबाई रडली, आणि ती रडली म्हणून रंभाही रडली, पोटातलं सगळं वर येईपर्यंत. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, घुगऱ्या निवतायत म्हणून सांगितलं. छबूबाईनं नाक पुसलं आणि उठली.

"नाव तेच ठेवायचं," ती म्हणाली. "आन् कानात कुसुम न्हाई सांगनार. तू सांग."

बायांना हे रीतीला सोडून वाटलं, एकदोघींनी भुवयाही चढवल्या. छबूबाईपुढं कुणाची बोलायची छाती झाली नाही. रंभा पाळण्याशी आली. पोर झोपलं होतं, मूठ गालाखाली.  ती वाकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि एकदाच, जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात, नाव घेतलं. पोरानं नुसतं तोंड हलवलं.

बाया घुगऱ्या घेऊन घरोघर गेल्या. रंभा दिवे लागेपर्यंत पाळण्याजवळून हलली नाही. थोड्या थोड्या वेळानं ती पोराच्या नाकाशी बोट धरून बघत होती. श्वास चालू होता. छबूबाईही चुलीपुढून मधूनच उठून यायची, काही न बोलता तीही तिथं बोट धरायची, आणि परत जाऊन भाकरी थापायला लागायची.